पोवळी बघायला

प्रवाळ आमच्या घरात आधीच दोन वाटांनी शिरलेलं होतं. एक आईच्या अनामिकेत आणि दुसरं माझ्या पोटात. आईला मंगळ आहे हे तिच्या लग्नात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात आलं वडील निवृत्त झाल्यावर, म्हणजे ते दिवसभर घरी राहायला लागल्यावर. मग तांब्याच्या अंगठीत लाल पोवळं बसवून, एका मंगळवारी दुधात बुडवून, ते तिच्या बोटात गेलं. माझा मंगळ बरा आहे, पित्त वाईट आहे. त्यावर वैद्यांनी मला प्रवाळ पंचामृताच्या गोळ्या लावल्या. प्रवाळ, मोती, शंख, शिंपली, कवडी असा निम्मा समुद्र त्या गोळीत असतो. गेली अकरा वर्षं मी दिवसातून दोनदा, जेवणाआधी, कोरल रीफ खातोय हे मला कन्येने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

कन्या केळकर कॉलेजात शिकते. एका रविवारी ती पहाटे उठली. रविवारी पहाटे उठणं हीच मुळात आमच्या घरात बातमी. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा एक उत्साही गट २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना फिरवून खडकांतले जीव दाखवतो. त्यांच्याबरोबर ती हाजी अलीला गेली आणि दुपारी ओल्या बुटांसह परत आली. मोबाइलवर तिने मला एक फोटो दाखवला. काळ्या खडकावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा तपकिरी ठिपका.

"काय असेल सांग?"

"पान," मी म्हणालो. मुंबईच्या भिंतीवर, जिन्यात किंवा खडकावर तपकिरी-लाल काही दिसलं की माणूस अनुभवावरूनच बोलतो.

"बाबा, कोरल आहे! जिवंत! आपल्या मुंबईत!"

मग तिने मला जी हकिकत सांगितली, तिने माझी त्या रात्रीची झोप उडवली. किनारी रस्ता बांधायचा ठरला तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर पोवळ्यांच्या १८ वसाहती सापडल्या. पोवळं हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेलं. त्याच्यावर भराव टाकता येत नाही. तेव्हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मदतीने २०२० साली त्यांचं स्थलांतर झालं. कुठे? तर बहुतेकांचं कुलाब्याला. नेव्ही नगरात.

आता मी मुलुंड पूर्वेला राहतो. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची पहिली सर्वसाधारण सभा झाली तेव्हा ही कन्या बालवाडीत होती. तीन विकासक आले, चहा पिऊन गेले. एकाने नारळ फोडला, त्या नारळाची वडी खाऊन आम्ही सात वर्षं काढली. आणि इकडे ज्याला पाय नाहीत, रेशनकार्ड नाही, १९९५ पूर्वीचा पुरावा नाही, ज्याने एकाही सभेला हजेरी लावली नाही, त्याला थेट कुलाब्यात समुद्राला लागून जागा! ना ट्रान्झिट कॅम्प, ना पात्र-अपात्रतेची यादी, ना कॉर्पसवरून भांडण. मी ही गोष्ट सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कारपेट एरिया किती मिळाला?"

तर अशा मन:स्थितीत, पुढच्या रविवारी पोहे खाता खाता कन्येने ठराव मांडला की आपण खरीखुरी कोरल रीफ बघायला जायचं. तीन दिवस. आई म्हणाली, "बघायला जायला कशाला हवं? हे काय," आणि तिने बोट पुढे केलं.

"आजी, ते मेलेलं आहे. आपण जिवंत बघायचं."

आईने बोट झटकन मागे घेतलं. पंधरा वर्षं आपण कुणाचं तरी प्रेत बोटात घालून देवपूजा केली, ही कल्पना तिला दोन दिवस पचली नाही. माझ्या गोळ्यांविषयी तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

जागा ठरवण्याची बैठक आमच्याकडेच झाली. बोरिवलीहून मेहुणा सहकुटुंब आला. मुलुंड ते बोरिवली हा प्रवास त्याच्या लेखी एवढा मोठा आहे, की तो आला म्हणजे जेवूनच जातो आणि आल्या आल्या "तुमच्याकडे यायचं म्हणजे एक ट्रिपच होते" असं म्हणतो. ही ट्रिप त्याने वर्षातून चार वेळा केलेली आहे. बाकीच्या ट्रिपा त्याच्या बोलण्यात होतात.

पहिलं नाव निघालं अंदमानचं. मराठी माणसाचं अंदमानशी नातं वेगळं आहे. बाकीचा देश तिथे समुद्र बघायला जातो, आपण कोठडी बघायला जातो. सावरकरांच्या कोठडीत डोळे पुसायचे, संध्याकाळी सेल्युलर जेलचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम बघायचा आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाच्या बोटीतून जॉली बॉयची पोवळी पाहताना "त्या बिचाऱ्यांना हे काही दिसलं नसेल हो" असं म्हणून सुस्कारा सोडायचा, हा आपला ठरलेला क्रम. मेहुण्याने पाकिटातून वीस रुपयांची जुनी लाल नोट काढली. तिच्या पाठीवर जी नारळाची झाडं आहेत ना, तो देखावा अंदमानचा, नॉर्थ बे बेटाच्या बाजूचा. "आयुष्यभर आपण अंदमान खिशात घेऊन फिरलो," तो म्हणाला. वाक्य चांगलं होतं. मग सहा जणांच्या विमानाच्या तिकिटाची बेरीज झाली आणि नोट पाकिटात परत गेली.

दुसरं नाव लक्षद्वीप. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथल्या समुद्रातले फोटो आले, तेव्हापासून आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबं लक्षद्वीपला जाणार आहेत. ही बेटं अस्सल. मधोमध निळं तळं आणि भोवती पोवळ्यांचं कडं, पुस्तकातल्या चित्रासारखं. पण तिथे जायला परवाना लागतो.

"आपल्याच देशात जायला परवाना?" बायको म्हणाली.

"नेव्ही नगरात जायलाही लागतो," मी म्हणालो. ती जखम ताजी होती.

तिसरं नाव मेहुण्याने काढलं आणि ते काढताना तो सोफ्यावर पुढे सरकून बसला. "आंग्रिया बँक."

"कोणती शाखा?" आईने विचारलं.

आंग्रिया बँक ही खरोखरच अशी चीज आहे, की ती ऐकून मराठी माणसाने पुढे सरकून बसावं. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर भर समुद्रात गेलं, की पाण्याखाली जेमतेम वीस-पंचवीस मीटरवर एक प्रचंड पठार आहे. चाळीसेक किलोमीटर लांब. त्यावर पोवळ्यांची रानं आहेत आणि त्याला नाव आहे कान्होजी आंग्र्यांचं. ज्यांच्या परवान्याशिवाय या किनाऱ्यावरून जहाज हाकायची इंग्रजांची छाती होत नसे, त्यांच्या नावाची पाण्याखालची जहागीर अजून तशीच आहे. तिथे हॉटेल नाही, जेट्टी नाही, सेल्फी पॉइंट नाही. जायचं तर चांगली मोठी बोट, भर समुद्रात मुक्काम आणि पट्टीचे पाणबुडे हवेत. आम्हा सहा जणांत पोहता येणारं माणूस एकच होतं आणि ते बारावीत नापास होण्याच्या भीतीने पोहणं सोडून बसलेलं होतं, म्हणजे मेहुण्याचा मुलगा. याच नावाची एक मुंबई-गोवा क्रूझ २०१८ साली सुरू झाली होती. तिच्यातूनही मेहुणा 'पुढच्या महिन्यात' जाणार होता.

उरलं मालवण. मालवण हे नेहमी उरतंच. कोकणातला माणूस मालवणला सुट्टीत जात नाही, तो घरी जातो. बाकीचे सगळं रद्द झाल्यावर जातात आणि मग दरवर्षी जातात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या खडकांवर पोवळी आहेत. एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्थाही तिथेच, तारकर्लीला. कन्येने प्रामाणिकपणे सांगितलं, की तिथे लक्षद्वीपसारखी भिंत नाही. पोवळ्यांची ठिगळं आहेत. बायको म्हणाली, "ठिगळं चालतील. सुरमई आहे ना?" आणि ठराव मंजूर झाला.

आमच्या इमारतीत गोष्ट गुप्त राहत नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत पोवळी बघायला येणाऱ्यांची यादी एकोणीसवर गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतंत्र ग्रुप निघाला. पहिला आठवडा ग्रुपचं नाव ठरवण्यात गेला, दुसरा टी-शर्टच्या रंगात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी स्कूबा डायव्हिंगमुळे होणाऱ्या अपघातांचे सात व्हिडिओ टाकले आणि वर "काळजी घ्या" असं लिहिलं. त्यांना उत्तर म्हणून सर्वांनी अंगठा वर केला. आमच्या ग्रुपवर कुणी वारलं तरी पहिले तिघेजण अंगठाच वर करतात, मग कुणीतरी हात जोडून दाखवतं आणि सगळे सावरून घेतात. आगाऊ पैसे भरायची तारीख आली त्या दिवशी एकोणीसचे अकरा झाले. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचा मोतीबिंदू, "आमच्या हिला पाण्याची भीती वाटते", "आमच्या ह्यांना मालवणी तिखट चालत नाही". शेवटी उरलो आम्ही चौघे. मेहुणा पुढच्या वर्षी नक्की येणार आहे.

तिकिटाची कथा वेगळीच. हल्ली रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशे वीस दिवस आधी उघडायचं. म्हणजे पूर्वी निराशा चार महिने आधी पदरात पडायची, आता दोनच महिने आधी पडते, एवढी सुधारणा आहे. सकाळी आठला चार मोबाइल आणि एक लॅपटॉप घेऊन आम्ही डायनिंग टेबलाभोवती बसलो. आईने देवापुढे दिवा लावला होता. आठ वाजून तीन मिनिटांनी आम्ही प्रतीक्षा यादीत होतो. आम्हाला हवी होती तुतारी एक्सप्रेस, ठाण्याहून कुडाळ. केशवसुतांच्या कवितेचं नाव घेऊन धावणारी ही गाडी. कवितेच्या नावाची गाडी असणं हे मराठी माणसाला अभिमानास्पद आहेच, पण ती पकडायला कवीचं काळीज पुरत नाही. रस्त्याने जावं म्हटलं तर मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतोय. २०११ पासून होतोय. विमानाने चिपीला उतरावं म्हटलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, जे येणार नव्हते त्यांनी, कळवलं की डुबकी मारल्यावर अठरा तास विमानात बसायचं नसतं, रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. ही माहिती खरी निघाली. काकांच्या फॉरवर्डमधली खरी निघालेली ही पहिलीच. अखेर यादी हळूहळू वर सरकली आणि निघायच्या आठवड्यात आमची चारही तिकिटं पक्की झाली.

मधल्या दोन महिन्यांत मी पोवळ्यांचा अभ्यास केला. आधी वाटलं होतं की पोवळं म्हणजे दगड. मग वाटलं वनस्पती. तो प्राणी आहे हे कळल्यावर मी जरा सावरून बसलो. आणि तो नेमका कसा राहतो हे वाचल्यावर तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ही तर आमची सोसायटीच.

एकेक पोवळ्याचा जीव तांदळाच्या दाण्याएवढा. तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वत:पुरती एक वाटी बांधतो, वन आरके. शेजारी दुसरा, त्याला चिकटून तिसरा. जागा कमी पडली की जुन्या मजल्यावर नवा मजला. खालच्या पिढ्या मरून जातात, त्यांचे गाळे तसेच राहतात आणि वर नव्या पिढ्या नांदतात. अशी हजारो वर्षं, वर्षाला जेमतेम एखाद-दुसरा सेंटिमीटर. म्हणजे वेगाच्या बाबतीतही आमच्या पुनर्विकासाशी तुलना करण्यासारखी, फक्त तिथे काम थांबत नाही. फरक एवढाच, की प्रत्येक जीव आपल्या अंगात भाडेकरू ठेवतो. सूक्ष्म शैवालं. ती उन्हात अन्न शिजवतात आणि त्यातलं बहुतेक सगळं, दहातले नऊ घास म्हणा, घरमालकाला देतात. बदल्यात राहायला जागा. पागडी नाही, अकरा महिन्यांचा करार नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही. पोवळ्याचा रंग हाही भाडेकरूचाच. मालक स्वत: काचेसारखा बिनरंगी.

पण पाणी तापलं, नेहमीच्या उन्हाळ्याहून एकच अंश जास्त आणि तेही काही आठवडे, की मालकाचं डोकं फिरतं. तो भाडेकरूंना बाहेर काढतो. रंग जातो, घर पांढरंफटक पडतं आणि स्वयंपाक बंद झाल्याने मालक उपाशी मरायला लागतो. वेळेत गारवा आला तर भाडेकरू परत येतात, नाही तर नुसती चुन्याची इमारत उरते. १९९८ मध्ये जगभर असं झालं, त्यानंतर पुन्हा पुन्हा होत गेलं. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्यांदा जागतिक पातळीवर हे चालू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. एका अंशासाठी! आमच्याकडे मे महिन्यात टेरेसखालच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्यापेक्षा चार अंश जास्त असतात आणि तरी माणसं रंगीत राहतात, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "कोण म्हणतं?" ती नुकतीच टेरेसखालच्या वहिनींशी बोलून आली होती.

डार्विनचं वाचून मात्र धीर आला. पोवळ्यांची बेटं कशी तयार होतात याचा त्याने मांडलेला सिद्धान्त १८४२ मध्ये पुस्तकात आला आणि तो बव्हंशी बरोबर ठरला. पण तो सबंध त्याने दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर बसून डोक्यात रचला होता, खरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी बघायच्या आधी. मेहुण्याला हे कळवायचं मी कटाक्षाने टाळलं.

आता प्रश्न पाण्याचा. स्कूबाला पोहता यायची गरज नाही असं सगळे सांगतात. पोहता न येणाऱ्याला हे ऐकून जो दिलासा मिळतो, तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर "तुम्ही काही करायचं नाही" ऐकल्यावर मिळतो तेवढाच असतो. मी तरी कालिदास नाट्यगृहाशेजारच्या तलावावर महिनाभर जाऊन आलो. ज्या कालिदासमध्ये मी वर्षानुवर्षं नाटकं बघितली, तिथेच आता चड्डीवर उभा राहून मी थरथरत होतो. शिकवणारा पोरगा पंचविशीचा. तो म्हणाला, "काका, तुम्ही बुडतच नाही." मला वाटलं कौतुक आहे. ते चरबीबद्दल होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. सामानात काय होतं ते सांगत नाही. बायकोने "तिकडे सगळं मिळतं" असं म्हणत चिवडा, थेपले, दोन प्रकारची लोणची आणि इलेक्ट्रिक किटली घेतली होती एवढं पुरे. आईने पोवळ्याची अंगठी काढून ठेवली नाही. "असू दे. त्याला घरचं माणूस भेटेल," असं ती म्हणाली. प्रेताच्या बाबतीत तिचं मत तोवर पालटलं होतं.

कुडाळला उतरून मालवण गाठलं, सुरमई गाठली, सोलकढीचा तिसरा पेला गाठला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर. समोर सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४ मध्ये महाराजांनी पाया घातला आणि त्या पायात शिसं ओतलं असं सांगतात. मी हे ऐकत असतानाच एका पोराने माझ्या कमरेला पट्टा बांधला. त्यातही शिसंच. चरबी तरंगते, म्हणून बुडण्यासाठी वजन लागतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहा वर्षं मी जे उतरवत होतो, ते एका क्षणात शिशाच्या वड्यांनी भरून निघालं.

मग सूचना. सांगणारा इथल्याच दांडी किनाऱ्यावरचा मच्छीमार. आजा-पणजा याच पाण्यावर जगलेले. त्याने आधी फॉर्म भरून घेतला. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कान फुटलाय का. पित्ताचा रकाना नव्हता. मग म्हणाला, चष्म्याच्या काचेवर आतून थुंका, म्हणजे वाफ धरत नाही. आयुष्यभर "येथे थुंकू नये" वाचत मोठा झालेला माणूस मी, परवानगी मिळाल्यावर तोंडाला कोरड पडली. कान दुखला तर नाक चिमटीत धरून हवा दाबायची. श्वास कधीही कोंडून धरायचा नाही, चालू ठेवायचा. आणि शेवटी खुणा, कारण पाण्याखाली बोलता येत नाही. बायकोने इथे माझ्याकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला, म्हणजे सगळं ठीक. भाजी फक्कड झाल्यावर आपण करतो तसा.

"आणि ह्यां लक्षात ठेवा," तो म्हणाला, "अंगठो वर म्हणजे ठीक न्हय. अंगठो वर म्हणजे 'माका वर घेवन चला'."

मी मान डोलावली आणि अंगठा वर केला.

"भिया नकात, काय होवचा नाय," तो म्हणाला, आणि मी मागच्या मागे समुद्रात पडलो.

खाली गेल्यावर आधी फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, जुन्या पंख्यासारखा. मग डोळे स्थिरावले. हिरवट उजेड. खडकावर ती होती. तपकिरी, पिवळसर, कुठे जांभळट, काही पानासारखी उघडलेली, काही मेंदूसारखी वळ्यावळ्यांची. लाल एकही नाही. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्राकडलं, त्याचा हा गाव नव्हे. पट्ट्यापट्ट्यांचे इवले मासे माझ्या चष्म्यापाशी आले, वाकून बघून गेले. एका कपारीत जाडजूड ओठांचा गोब्रा बसला होता. तो मला ओळखीचा वाटला. आदल्या रात्री त्याच्या कुणा नातेवाइकाला मी ताटात भेटलो होतो. त्यानेही मला ओळखलं असावं, कारण तो आत सरकला. मी त्या भाडेकरूंनी भरलेल्या, चुन्याच्या, एकावर एक मजल्यांच्या वसाहतीकडे बघत होतो आणि मला खरोखर भरून आलं. माझ्या सोबतीच्या पोराने गोल करून विचारलं, ठीक? तोवर मी आनंदात होतो. बँकेत बावीस वर्षं, सोसायटीच्या ग्रुपवर नऊ वर्षं, आनंद झाला की माझा हात जे करतो तेच त्याने केलं. मी अंगठा वर केला.

पोराने मला काखेत धरून वर आणलं.

"काय झालां?"

"काही नाही! उत्तम होतं!"

पुन्हा खाली. पुन्हा पोवळी, पुन्हा गोल, पुन्हा मी भारावलो, पुन्हा अंगठा. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी मी डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरून ठेवला होता. पण एक कासव दिसलं. कासव दिसल्यावर कुणाचा अंगठा खाली राहील? मला अजून वाटतं ते कासव होतं. पोरगा म्हणतो खडक होता. वीस मिनिटांत मी तीनदा समुद्रात उतरलो आणि तीनदा बाहेर आलो. पोवळी एकूण दीडेक मिनिट पाहिली असतील.

बोटीवर परतलो तर आई जागेवर नव्हती. माझ्या छातीत धस्स झालं. मग कडेने पाहिलं. बाहत्तर वर्षांच्या आमच्या मातोश्री, जन्मात पहिल्यांदा सुनेचा सलवार-कमीज घालून, लाइफजॅकेट चढवून, रबरी रिंगणाला धरून पाण्यावर उपड्या पडल्या होत्या. तोंडात स्नॉर्केलची नळी, चेहरा पाण्यात, आणि बोटीवरचा एक पोरगा रिंगण ओढत त्यांना खडकांवरून सावकाश फिरवत होता. अर्धा तास. मध्येच त्या डोकं वर काढून काहीतरी विचारत, तो उत्तर देई, आणि डोकं पुन्हा खाली जाई. वर आल्यावर त्यांनी दात ठीक आहेत का ते चाचपलं आणि निकाल दिला. "मोठी वस्ती आहे. पण रंग पक्का नाही."

"मग अंगठीतल्याची ओळख पटली का?"

"लांबचं नातं असेल," आई म्हणाली. "एक जण दगड घ्यायला गेला तर त्या पोराने त्याला काय झापलं! इथला खडाही न्यायचा नाही म्हणाला, गुन्हा आहे. मला आवडलं ते. आपल्या बिल्डिंगमध्ये असा एक वॉचमन हवा."

संध्याकाळी व्हिडिओ आला. तो पाण्यातले मासे जमावेत म्हणून टाकलेल्या पावाच्या तुकड्यांनी सुरू होतो आणि मागे एक हिंदी गाणं वाजतं. साडेतीन मिनिटांचा आहे, त्यात मी तीन वेळा खालून वर जाताना दिसतो. प्रत्येक वेळी चेहऱ्यावर अत्यानंद आणि अंगठा ताठ. कन्येने तो बघून उशीत तोंड घातलं. बायको म्हणाली, "पाठवा ना ग्रुपवर. बघू देत सगळ्यांना."

मी पाठवला. खाली लिहिलं, "पोवळी पाहिली. अविस्मरणीय."

दोन मिनिटांत मेहुण्याचं उत्तर आलं, मग सेक्रेटरींचं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं, मग टेरेसखालच्या वहिनींचं. झोपायच्या आधी मोजलं तर एकूण त्रेचाळीस जणांनी अंगठा वर केला होता. मी शेजारी बघितलं. आई पलंगावर बसून अंगठीतलं पोवळं गोड्या पाण्याने धूत होती.

"काय म्हणतायत सगळे?" तिने विचारलं.

"वर घेऊन चला म्हणतायत," मी म्हणालो.